सीजे-३बी जीप: जुन्या दुरुस्त्यांची दुरुस्ती

जुनी महिंद्रा जीप बघायला गेलं की विकणारा आधी बोनेट उघडतो आणि इंजिन चालू करून दाखवतो. ते बघून घ्यावं, पण घ्यायची की नाही हे गाडीखाली झोपूनच ठरवावं. सीजे-३बीचं पेट्रोल इंजिन आजही नव्याने उभं करता येतं. पार्ट मिळतात, बोअर मारणारे, म्हणजे झिजलेला सिलिंडर मापात कापून देणारे लेथवाले तालुक्याच्या गावीही आहेत. वेळ आणि पैसा खातात ती आधीच्या मिस्त्र्यांनी 'तात्पुरती चालवून दिलेली' कामं. माझ्या गाडीवर सुट्टीच्या दिवशी काम करत अठरा महिने गेले. नुसती झीज भरून काढायला त्यातले सात-आठ पुरले असते. बाकीचे जुन्या दुरुस्त्या उकलण्यात गेले, म्हणून हे लिहिताना त्यांच्याकडेच जास्त लक्ष दिलंय.

आधी गाडीची ओळख. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. ३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं आणि पुढे आपल्याकडे वर्षानुवर्षं बनत राहिलं. तिची खूण म्हणजे उंच बोनेट. आत बसवलेलं हरिकेन इंजिन एफ-हेड पद्धतीचं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनापेक्षा ते उंच झालं आणि बोनेटला वर सरकावं लागलं. चार सिलिंडर, २१९९ सीसी, मूळ आकडा ७२ हॉर्सपॉवर. मागे तीन गिअरचा टी-९० बॉक्स, त्याला चिकटलेली स्पायसर १८ ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा बॉक्स), पुढे स्पायसर २५ आणि मागे स्पायसर ४४ अ‍ॅक्सल. ही नावं पाठ हवीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात 'जीपचं बेअरिंग द्या' म्हटलं की समोर पाच वेगळी बेअरिंगं येतात.

पाहणीची सुरुवात कागदांपासून करावी. चासीवर कोरलेला नंबर घासून वाचावा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा. पेट्रोल महाग पडू लागल्यावर असंख्य जीपगाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली, पण आरसीवर 'पेट्रोल' तसंच राहिलं. उलटही सापडतं. इंजिनबदलाची नोंद आरसीवर नसेल तर गाडी कितीही सुरेख असली तरी पुनर्नोंदणीला अडकते. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,०००. ऐकायला छान वाटतं, पण दोन अटी नीट वाचाव्यात. चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं, त्यामुळे पेट्रोलची डिझेल केलेली गाडी त्यात बसत नाही. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. दर रविवारी घाटात जायचं असेल तर १५ वर्षांनंतरची, दर पाच वर्षांनी होणारी नेहमीची पुनर्नोंदणीच सोयीची.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि स्टार्टर मारून गेज वाचायचा. एकट्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, तो १० पीएसआयच्या आत असावा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. या इंजिनात दोषी बहुतेक वेळा खालचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो.

गाडी उकलायला घेतली की पहिला धडा आट्यांचा मिळतो. ही गाडी इंचाची आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे खातो. नऊ-सोळांश म्हणजे १४.३ मिमी, त्याला १४ चढत नाही आणि १५ फिरतो. इंची रिंग पान्यांचा एक चांगला सेट घेतल्याशिवाय काम सुरूच करू नये. मिलिमीटरच्या पान्यांनी झालेलं नुकसान मात्र आधीच होऊन बसलेलं असतं. तीन-अष्टमांश इंची, इंचाला २४ आटे असलेल्या भोकात कुणीतरी १० मिमीचा बोल्ट रेटलेला असतो. तो अर्धा जातो, घट्ट लागतो, आणि खरा ताण आला की आट्यांसकट बाहेर येतो. माझ्या बेलहाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) असे तीन निघाले. उपाय हेलिकॉइल: भोक मापात मोठं करायचं, त्याचा खास टॅप चालवायचा, स्प्रिंगसारखी तार बसवायची, की पुन्हा मूळ मापाचा बोल्ट लागतो. भोक मोठं करून जाडा बोल्ट घालणं सोपं आहे, पण पुढच्या माणसाला तिथे काहीच उरत नाही.

आणि उलटे आटे. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवले की ढिले होतात. टोकावर 'एल' अक्षर असेल तर उत्तम. पण मधल्या काळात ड्रम आणि हब इकडचे तिकडे झालेले असतात, तेव्हा डावं-उजवं यावर भरवसा न ठेवता प्रत्येक स्टड घासून आटे डोळ्यांनी बघावेत. पंक्चरवाल्याने चार फुटी पाइप लावून उलट्या दिशेला जोर केला की स्टड तुटतो, आणि मग चाक चार स्टडवर वर्षानुवर्षं धावतं. स्वतःच्या गाडीत हे ठाऊक असेल तर डाव्या ड्रमवर पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवावा.

बॉडी उतरवायला चार माणसं पुरतात, बॉडीचे बोल्ट मात्र ग्राइंडरनेच कापावे लागतात. खाली चासी दिसली की तारेच्या ब्रशने घासून, रॉकेलने पुसून, उन्हात बघायची. भेगा ठरलेल्या जागी असतात: स्टीअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगांच्या) हँगरपाशी, मागच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यात. वडाप किंवा मालासाठी वापरलेल्या गाडीला जास्तीचे पाटे घातलेले असतात. ते काढून टाकावेत, कारण पाटा वाकत नसला की चासी वाकते. भेग नुसती वरून वेल्डिंगने झाकली तर महिन्याभरात बाजूला सरकते. टोकाला ३ मिमीचं भोक पाडून तिची वाट अडवायची, ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करायची, पूर्ण खोलीचं वेल्डिंग करायचं आणि वरून पट्टी लावायची असेल तर ती चौकोनी लावायची नाही. चौकोनी पट्टीची आडवी शिवण चासीच्या वाकण्याला काटकोनात येते आणि नवी भेग त्या शिवणीलगतच पडते. दोन्ही टोकं निमुळती, माशासारखी करावीत. माझ्या गाडीत एकावर एक तीन चौकोनी पट्ट्या निघाल्या. तिन्हींच्या कडेला भेग होतीच. शेवटी कर्ण मोजायचे: पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. फरक पाच-सहा मिमीहून जास्त आला तर रंग-प्राइमरचा विचार थांबवून आधी चासी सरळ करून घ्यावी.

आता स्टीअरिंग. या गाडीची बदनामी इथूनच होते. साधारण ४० च्या वेगात पुढचं चाक खड्ड्यातून गेलं की दोन्ही चाकं नाचायला लागतात आणि गाडी जवळपास थांबेपर्यंत नाचत राहतात. मिस्त्री 'व्हॉबलिंग' म्हणतात आणि इलाज म्हणून स्टीअरिंग डँपर, म्हणजे चाकांचं नाचणं दाबून धरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवतात. डँपर रोग लपवतो आणि झीज आतल्या आत चालू राहते. माझ्या गाडीला तो होता. काढून ठेवला आणि कारण शोधायला बसलो.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळतं तो सांधा. चाकाच्या बेअरिंगचा इलाज सोपा: चाक फिरवत फिरवत नट जड लागेपर्यंत आवळायचा, मग एक-षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, लॉक वॉशर आणि चेक नट लावायचा. किंगपिनचं काम मोठं. हब आणि ब्रेकप्लेट काढायची, स्पिंडल सोडवायचं, अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढायचा, मग नकलचे (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) वरचे-खालचे कॅप काढायचे. कॅपखाली शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या असतात: ३, ५, १० आणि ३० थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बेअरिंग घासलं की शिम कमी करून दाब परत आणतात. नकलचं फेल्ट सील आणि टायरॉड सोडवलेला असताना नकल हाताने फिरवून बघायची. स्वतःच्या वजनाने पडली तर ढिली, दोन्ही हातांनी रेटावी लागली तर जड. सगळ्या टप्प्यात सारखा, किंचित अडणारा ओढा लागला पाहिजे. मधेच खट्ट करून अडली तर बेअरिंगच्या कपात खड्डे पडलेत, शिम बदलून उपयोग नाही. वर-खाली दोन्हीकडच्या शिम जवळपास सारख्या ठेवायच्या, नाहीतर आतला जॉइंट मध्यावर राहत नाही. उकलताना माझ्या डाव्या नकलमध्ये शिमच्या जागी पत्र्याच्या डब्याचा कापलेला तुकडा सापडला. त्यावर बिस्किटांच्या नावाची दोन अक्षरं अजून वाचता येत होती.

किंगपिन नीट झाल्यावरही वळणाला गाडी दोन इंच उशिरा ऐकत असेल तर बेल क्रँक बघायची. स्टीअरिंग बॉक्सकडून आलेला दांडा पुढच्या आडव्या पट्टीखालच्या या क्रँकला फिरवतो आणि तो दोन्ही टायरॉडना. चिखल-पाणी थेट त्यावर उडतं, ग्रीस कुणी मारत नाही, पिन आणि बुश दोन्ही अंडाकृती होतात. तयार किट मिळतं. नुसता बुश बदलून जुनी पिन ठेवू नये, कारण ती नव्या बुशला महिन्यात खाते.

शेवटी रॉस स्टीअरिंग बॉक्स. त्यात ऑइल असायला हवं. बहुतेकांत ग्रीस कोंबलेलं असतं, कारण खालचं सील गळतं आणि ग्रीस गळत नाही. पण ग्रीसमध्ये कॅम स्वतःची वाट कोरतो आणि मग कोरडा चालतो. बॉक्स उघडून, धुऊन, सील बदलून ९० चं ऑइल भरावं. बाजूच्या झाकणावरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू चाकं सरळ असतानाच आवळायचा. कॅमची खाच मधे मुद्दाम घट्ट कापलेली असते. चाकं वळवून खेळ काढला तर सरळ चालताना बॉक्स अडतो, आणि हे घाटात कळलं तर उशीर झालेला असतो. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, घरीच मोजता येतं: दोन्ही टायरवर फिरवत फिरवत खडूची बारीक रेघ मारायची आणि रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून, अ‍ॅक्सलच्या उंचीवर मोजायचं. पुढचं अंतर १.२ ते २.४ मिमीने कमी हवं. हे सगळं झाल्यावर डँपर परत लावलाच नाही.

ब्रेक ९ इंची ड्रमचे आणि एकाच सर्किटचे. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, तेव्हा इथे 'बघू पुढे' चालत नाही. रबरी होज तिन्ही नवे, पाइप स्टीलचे आणि टोकांना डबल फ्लेअर. तांब्याचा फ्रिजवाल्याचा पाइप आणि मधे कॉम्प्रेशन जोड हा प्रकार दिसला की कापून फेकावा. व्हील सिलिंडर पुढचे मोठ्या बोअरचे, मागचे लहान. मागे मोठे बसवलेले असतील तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी होते. शूवर लायनिंग लांब-आखूड असेल तर लांब लायनिंगचा शू पुढच्या बाजूला. लायनिंग आणि ड्रममधलं अंतर अँकर पिनच्या टोकाला ५ थाउ, दुसऱ्या टोकाला ८ थाउ, ड्रमच्या खिडकीतून फिलर गेज घालून. मास्टर सिलिंडर फरशीच्या पत्र्याखाली असतो, म्हणून त्यातलं ऑइल बघायचा कंटाळा केला जातो. त्याच्या टोपणातलं हवेचं बारीक भोक मातीने बुजलं की ब्रेक हळूहळू धरून बसतात आणि दोष शूला दिला जातो.

मागचा ड्रम काढणं ही वेगळी कसोटी. शाफ्ट निमुळता, त्यावर चावी (हबला शाफ्टशी जखडणारा लोखंडी तुकडा) आणि वर हब, सगळं वर्षानुवर्षं दाबून बसलेलं. मोठा तीन पायांचा हब-पुलर भाड्याने आणा. मधला नट काढून टाकू नका, दोन-तीन आटे ढिला करून तसाच ठेवा. हब सुटतो तेव्हा तोफेसारखा सुटतो. शाफ्टच्या टोकावर घण घातला तर आटे चेपतातच, शिवाय तो मार डिफरन्शियलमधल्या थ्रस्ट ब्लॉकपर्यंत जातो. परत बसवताना नट किमान १५० फूट-पाउंडाला आवळायचा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा. ढिला राहिला तर चावी कापली जाते, आणि निमुळता भाग एकदा खराब झाला की शाफ्ट भंगारात.

इंजिनाचं हेड उतरवताना एक सापळा आहे. सगळे दिसणारे बोल्ट काढूनही हेड हलत नाही, कारण एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या वाटेत दडलेला असतो. कार्बोरेटर काढून आत टॉर्च मारली की दिसतो. तो विसरून पहारीने हेड उचकटणाऱ्यांनी कित्येक हेडं फोडली आहेत, आणि चांगलं हेड आता सहज मिळत नाही. हेड निघालं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांमधला अरुंद पूल घासून नीट बघावा. भेग असेल तर तिथे. ती डोळ्यांना दिसत नसेल तर लेथवाल्याकडे ब्लॉकची प्रेशर टेस्ट करून घ्यावी, बोअर मारण्याच्या आधी. बोअर मारून झाल्यावर भेग सापडली तर मजुरी आणि पिस्टन दोन्ही वाया.

मूळ बोअर ३.१२५ इंच. पिस्टन १०, २०, ३०, ४० थाउ मोठ्या मापात मिळतात. पिस्टन आधी हातात घ्यायचे, मग तेच लेथवाल्याला देऊन त्या मापाला बोअर मारायला सांगायचं. 'वीस थाउ मार' एवढंच सांगितलं तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे वीस थाउचे पिस्टन एकसारखे नसतात, हे फिटिंगच्या दिवशी कळतं. ऑइल पंप काढला असेल तर डिस्ट्रिब्युटरची जागा फिरलेली असते, कारण डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवर फिरतो. पहिला सिलिंडर टायमिंगवर आणून पंप बसवायचा. इथे एक दात चुकला तर डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी टायमिंग येत नाही. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पॉइंटचा गॅप २० थाउ, प्लगचा ३०, टायमिंग ५ अंश आधी. टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप थंड इंजिनावर इनटेक १८ थाउ, एक्झॉस्ट १६. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ६० ते ७० फूट-पाउंड. दडलेला बोल्ट धरून.

'मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल' हे वाक्य ऐकलं की थांबा. या इंजिनात क्रँककेसची वाफ ओढून घेणारा व्हॉल्व्ह आहे. तो काजळीने बुजला की आत दाब साठतो आणि जिथे वाट मिळेल तिथून, बहुधा मागून, ऑइल बाहेर येतं. व्हॉल्व्ह आणि नळी कार्बोरेटर क्लीनरने धुतली की निम्म्या 'सील गेलेल्या' गाड्या कोरड्या होतात. इंजिन न उतरवता अर्ध्या तासात होणारी ही तपासणी क्वचितच कुणी करतो.

पेट्रोलबद्दल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप त्यात फुगतात आणि आतून सोलतात, कार्बोरेटरचे आणि फ्युएल पंपाचे डायफ्रॅम कडक होतात. सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घ्यावेत, टाकी आतून गंजलेली असेल तर आधी तो गंज काढावा, कारण इथेनॉल तो सोडवून थेट जेटमध्ये नेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करावा. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन मिसिंग करून बंद पडलं आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू झालं तर पेट्रोलची वाफ झाली आहे. पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांबून फिरवला की हे थांबतं. ओलं फडकं गुंडाळणं हा रस्त्यावरचा उपाय, घरी पोहोचण्यापुरता.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र उतरवाव्यात. टी-९० चा पहिला गिअर सिंक्रोशिवाय (गिअर पडण्याआधी दोघांचा वेग जुळवणाऱ्या रिंगेशिवाय) आहे, त्यामुळे चालत्या गाडीत तो कर्रकन् ओरडला तर ती खराबी नव्हे. दुसरा गिअर सुटत असेल तर वरच्या टोपणातल्या गोळ्या आणि स्प्रिंगा आधी बघाव्यात. टोपण उघडलं की बारीक गोळ्या टुणकन उडतात, वर फडकं धरावं. दोन रेलमधली इंटरलॉकची छोटी पिन कुणीतरी हरवलेली असते. ती नसेल तर एकाच वेळी दोन गिअर पडू शकतात आणि बॉक्स जागच्या जागी जाम होतो. ऑइल ९० चं, पण जीएल-५ या प्रतीचं नको. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत, जीएल-४ घ्यावं. दोन्ही बॉक्समध्ये ऑइल एकीकडून दुसरीकडे झिरपतं, म्हणून दोन्हींचे प्लग उघडून पातळी बघावी. अ‍ॅक्सलमध्ये प्रत्येकी साधारण सव्वा लिटर.

स्पायसर १८ गळते, हे सगळे मान्य करतात. का गळते, हे मात्र क्वचित बघितलं जातं. आतला इंटरमीडिएट शाफ्ट जागी धरायला मागे एक छोटी लॉक-पट्टी असते. ती हरवली की शाफ्ट स्वतः फिरायला लागतो, बिडाच्या केसमधलं भोक मोठं होतं आणि तिथून ऑइल येतं. मग कुणीतरी बाहेरून एपॉक्सीचा लगदा थापतो. माझ्या केसवर तो बोटभर जाड होता. भोक बोअर करून बुश बसवला, शाफ्ट आणि सुया नव्या, पट्टी नवी. शाफ्ट घेताना जुना सोबत न्यावा. तीन व्यासांचे आहेत: पाऊण, सव्वा आणि त्यांच्या मधला एक पूर्णांक एक-अष्टमांश इंच. शेवटचे दोन डोळ्यांना सारखेच दिसतात.

बॉडीवर फार लिहिण्यासारखं नाही. चुंबक फिरवला की पुट्टी कुठे आहे ते कळतं. १८ गेजचा पत्रा, गंजलेला भाग पूर्ण कापायचा, फरशीखालच्या पोकळ पट्ट्या बदलायच्या आणि त्यांत पाणी साठू नये म्हणून भोकं ठेवायची. वायरिंग संपूर्ण नवं. जुन्यात सेलोटेप किती होती याचा हिशेब न केलेलाच बरा. इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी अशा दोन जाड अर्थ-पट्ट्या मात्र विसरू नयेत. रंगाच्या थरावर अर्थ लागत नाही.

चालवण्याची मजा हळू चालवण्यात आहे. माझ्या अ‍ॅक्सलमध्ये ८ आणि ४३ दातांचा जोड आहे, म्हणजे ५.३८. ट्रान्सफर केसची लो रेंज २.४६, पहिला गिअर २.८. गुणाकार केला की इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. १००० आरपीएमला ६.००-१६ च्या टायरवर गाडी ताशी साडेतीन-चार किलोमीटरने, माणसाच्या चालीने सरकते. दगडांच्या उतारावर ब्रेकला पाय लागत नाही. तोच ५.३८ हमरस्त्यावर त्रास देतो: तिसऱ्या गिअरमध्ये ६० ला जवळपास २४५० आरपीएम. नवं इंजिन पहिले ८०० किलोमीटर याहून वर नेऊ नये. फोर-व्हील कोरड्या डांबरावर टाकू नये. पुढचं-मागचं अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतं आणि मग लिव्हर निघत नाही. अडकलाच तर थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो. समुद्रकिनारा मी टाळतो. खारं पाणी नव्या चासीला दोन वर्षांत जुनी करतं, आणि वेळास-अंजर्ल्याच्या वाळूत कासवांची अंडी असतात. सह्याद्रीत गावाच्या बैलगाडीवाटा आणि खाणीच्या जुन्या रस्त्यांवर, मालकाला विचारून, हवी तेवढी चढण मिळते.

परत आल्यावर रात्रभर गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवायचा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेनाने आखायच्या. सकाळी कुठला थेंब कुठून आला ते नकाशासारखं दिसतं. इंजिनाचं काळं, गिअरचं ऑइल उग्र वासाचं, ब्रेकचं पातळ आणि रंग खाणारं. पहिल्या आठवड्यात माझ्या पुठ्ठ्यावर सात डाग होते, हेडचे बोल्ट आणि हबचे नट परत आवळल्यावर, सील बदलल्यावर दोन राहिले. त्यातला एक ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटखाली आहे, रुपयाएवढा. तिथली योक (प्रोपेलर शाफ्ट जोडायचा तुकडा) बाहेर काढून बघितली तर सीलच्या जागी तिच्यावर बारीक खाच पडलेली निघाली. सील नवं असूनही त्या खाचेतून ऑइल येतं. खाचेवर बसणारी पातळ स्टीलची बाही मागवली आहे.